गोबेरो: आटलेल्या तळ्याकाठची माणसं

(दृश्य: सपाट वाळवंट. कॅमेरा हळूहळू जमिनीजवळ येतो.)

हा माशाचा मणका आहे. सापडला नायजर देशातल्या तेनेरे वाळवंटात. तेनेरे म्हणजे सहाराच्या पोटातलं आणखी कोरडं वाळवंट. इथे वर्षभरात बोटभरही पाऊस पडत नाही. आणि हा मणका आहे नाईल पर्च या माशाचा. हा मासा माणसाएवढा वाढतो. डबक्यात तो जगत नाही, त्याला खोल पाणी लागतं.

म्हणजे इथे तळं होतं.

२००० साली शिकागो विद्यापीठाचे पॉल सेरेनो इथे आले ते डायनासोर शोधायला. त्यांच्या चमूतला छायाचित्रकार माइक हेटवर वाळूच्या एका उंचवट्यावर गेला आणि जागच्या जागी थबकला. वाऱ्याने उघडी पाडलेली हाडं जिकडेतिकडे दिसत होती, आणि ती डायनासोरची नव्हती. कवट्या, बरगड्या, जबडे, सगळं माणसांचं. या भागाला सहारातले भटके तुआरेग लोक गोबेरो म्हणतात. पुढे इथे सुमारे दोनशे दफनं नोंदली गेली.

(दृश्य: खापरांचे तुकडे, जवळून.)

सेरेनो हाडांतले जाणकार, पण माणसांच्या नव्हे. म्हणून इटलीच्या पुरातत्त्वज्ञ एलेना गार्चेआ सोबत आल्या. त्यांनी वाळूतली खापरं उचलली आणि त्या गोंधळल्या. काही खापरांवर लाटांची, नागमोडी नक्षी होती, काहींवर बारीक टिंबांची. पहिली नक्षी किफियन लोकांची, दुसरी तेनेरियन लोकांची. या दोन संस्कृतींमध्ये हजार वर्षांचं अंतर, आणि इथे मात्र दोघांची खापरं एकाच वाळूत!

किफियन आधीचे. इसवी सनापूर्वी ७७०० ते ६२००. उंचपुरी माणसं, काही पुरुष तर दोन मीटरच्या घरातले. मांडीच्या हाडावर स्नायूंच्या इतक्या ठसठशीत खुणा आहेत, की कसदार खाणं आणि अंगमेहनत दोन्ही त्यात वाचता येतात. हाडाचे काटेरी भाले करून ते मासे मारायचे. मेलेल्या माणसाला मात्र ते गाठोड्यासारखं पुरायचे. गुडघे छातीशी, हात तोंडाशी, इतकं घट्ट, की कातड्यात किंवा टोपलीत बांधून पुरलं असावं. त्यांची हाडं काळपट पडली आहेत, कारण नंतर तळ्याचं पाणी चढलं आणि थडगी बुडाली.

मग पाऊस आटला. साधारण हजार वर्षं इथे कोणी राहत नव्हतं.

मुळात इथे एवढा पाऊस का पडायचा, ते आपल्याला तसं परकं नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. त्या काळी उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या आजच्यापेक्षा जवळ असायची. जमीन जास्त तापायची, आणि मोसमी वारे पार सहाराच्या आत शिरायचे. आपला मॉन्सूनही तेव्हा जोरात होता. आज मीठ पिकवणारं राजस्थानातलं डीडवाना तेव्हा गोड्या पाण्याचं तळं होतं. तिकडे काय, इकडे काय, पावसावरच सगळं.

पाऊस परतला आणि तळंही भरलं. इसवी सनापूर्वी ५२०० च्या सुमारास तेनेरियन आले. चणीने बारीक, ठेंगणे. मासेमारी, शिकार, थोडीफार गुरं. हत्यारांसाठीचा हिरवा दगड ते दूरच्या आयर डोंगरांतून आणायचे. त्यांनी आपली माणसं पुरली त्याच उंचवट्यावर. त्यासाठी खड्डे खणले, तरी आधीच्यांच्या हाडांना क्वचितच धक्का लागला. जुनी थडगी कुठे आहेत हे त्यांना ठाऊक होतं का? मला तरी हा केवळ योगायोग वाटत नाही.

(दृश्य: एका सांगाड्याच्या दंडावरचं कडं.)

ही अकराएक वर्षांची मुलगी. दंडात कडं आहे, पाणघोड्याच्या सुळ्याचं. पाणघोड्याचा सुळा म्हणजे चिवट हस्तिदंत. त्यातून पोरीच्या दंडाच्या मापाचं कडं कोरायला कुणीतरी दिवसचे दिवस बसलं असणार.

जवळच एक पुरुष कासवाच्या पाठीवर बसवून पुरलेला. आणि थोड्या अंतरावर ही तिघं.

(शांतता. दृश्य: तिघांचं दफन, वरून.)

कुशीवर झोपलेली बाई. तिच्यासमोर, तिच्याकडे तोंड करून दोन मुलं, एक पाचेक वर्षांचं, दुसरं आठेक. हात एकमेकांत गुंतलेले. अंगावर जखमेची खूण नाही. सोबत दगडी बाणांची चार टोकं. अंगाखालच्या वाळूत फुलांचे परागकण सापडले, तेही झुबक्याने. म्हणजे आधी फुलं अंथरली असावीत आणि मग तिघांना त्यावर निजवलं असावं. ती त्यांची आई होती की आणखी कोणी, हे हाडं सांगत नाहीत. हात मात्र कुणीतरी नीट जुळवून ठेवले आहेत.

इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास तळं कायमचं आटलं, आणि तेनेरियनही गेले.

उरला तो वारा. साडेचार हजार वर्षं त्यानेच ही हाडं वाळूखाली झाकून ठेवली, आता तोच ती उघडी पाडतोय. उघडं पडलेलं हाड उन्हाने तडकतं, वाळूने घासलं जातं आणि काही वर्षांत त्याचा भुगा होतो. म्हणून संशोधक एकेका सांगाड्याला वाळूसकट प्लास्टरमध्ये बांधतात आणि ट्रकवर चढवतात. बाकीचे अजून तिथेच आहेत, उंचवट्यावर, वाऱ्यात.