फोटोच्या मागचं नाव

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे बायका आणि फोटोग्राफी. विषय ठरला तेव्हाच आमच्या निर्मात्या बाईंनी बजावून ठेवलं, की दहा मिनिटं आहेत, तुमच्या मावशीची गोष्ट तीन मिनिटांत आटपा. बघू या, जमतंय का.

आधी थोडा इतिहास. थोडाच. १८९२ साली हैदराबादेत नामांकित फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी जनाना स्टुडिओ, म्हणजे फक्त बायकांसाठीचा स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांनी परपुरुषासमोर फोटोला बसायचं कसं, हा प्रश्न होता. म्हणून तो स्टुडिओ सांभाळायला केनी-लेविक नावाच्या बाई नेमल्या. म्हणजे गिऱ्हाईकही बाई आणि कॅमेऱ्यामागंही बाई. पाटीवर नाव मात्र दीनदयाळांचं. हे लक्षात ठेवा, पाटीवर नाव कुणाचं आणि काम कुणाचं.

आता आपल्या जिल्ह्यात या. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे नाशिककरांना सांगायची गरज नाही. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथं सहल नेली नाही अशी शाळा सापडणं कठीण. पण सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल विचारा, लोक गप्प होतात. तेव्हा फिल्म परदेशातून यायची ती कोरी, कडेला भोकं नसलेली. ती भोकं आपल्याकडं पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाई करायच्या. रसायनं त्याच कालवायच्या. पैशासाठी दागिने त्यांचे गेले, आणि एवढं सगळं करून मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडं. १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो या हातांवरून आला. स्मारकाला जाल तेव्हा त्यांचीही आठवण काढा.

तर आता मावशी.

माझी मावशी रविवार कारंजाजवळ राहायची. खाली काकांचा फोटो स्टुडिओ, वर घर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मोठं शहर झालं तरी तेव्हाचं नाशिक म्हणजे वाड्यांचं नाशिक. आता ते वाडे पाडून जे ठोकळे उभे राहतायत त्यांच्याबद्दल मी एकदा स्वतंत्र बोलणार आहे, आज नको. तर काका फोटो काढायचे आणि मावशी डार्करूम सांभाळायची. निगेटिव्ह धुणं, प्रिंट काढणं, आणि रिटचिंग. बारीक टोक काढलेली पेन्सिल घेऊन ती निगेटिव्हवरच्या सुरकुत्या, देवीचे व्रण असे बुजवायची की माणूस स्वतःचा फोटो बघून खूष व्हायचा. सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं. वहिनी स्टुडिओत काय करतात, तर 'मदत करतात'.

एका संध्याकाळी काका सिन्नरला लग्नाच्या ऑर्डरवर गेलेले. मी सुट्टीत मावशीकडं आलेली होते, काउंटरच्या मागं पेरू खात बसले होते. एक बाई मुलीला घेऊन आल्या. स्थळासाठी फोटो हवा होता. मुलीचे मामा सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला निघणार, त्यांच्याबरोबर पाठवायचा.

"मालक कधी यायचे?"

"उद्या दुपारी."

"अरे देवा. मग आता?"

मावशीनं पदर खोचला. "बसव तिला स्टुलावर," म्हणाली. "मी काढते."

त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. हॉटेलात आचारी रजेवर गेलाय, आज भांडी घासणारा मिसळ करणार आहे असं ऐकल्यासारखा. आणि हो, मिसळीचा विषय निघालाच आहे तर सांगते, आधी फोटो आणि मग मिसळ हे जे चाललंय ना हल्ली, त्यात तर्री गार होते. असो.

काकांचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, मागं काळं कापड, स्टँड काकांच्या उंचीला लावलेला आणि त्याचा स्क्रू गंजून बसलेला. मावशी उंचीनं पाच फुटांच्या आतली. तिनं देवघरातला पाट आणून त्यावर उभं राहून डोकं कापडात घातलं. आता बाहेरून दिसतंय काय, तर नऊवारी काळं भूत पाटावर उभं आणि आतून बांगड्या वाजतायत. मुलगी फिसकन हसली. आई ओरडली, "नीट बस!" मुलगी पुन्हा लाकूड झाली.

मुलीला चष्मा होता, जाड भिंगाचा. आईनं तो आधीच काढून पिशवीत टाकला होता. मावशी कापडातून म्हणाली, "इकडं बघ गं." मुलीनं मान वळवली. "अगं, कुठं बघतेस?" तर ती बिचारी म्हणते, "आवाज येतोय तिकडं."

मावशी पाटावरून उतरली. "घाल तो चष्मा."

"अहो वहिनी," आई म्हणाली, "चष्म्याचा फोटो पाठवला तर स्थळ परत जाईल."

"आणि लग्नानंतर कळलं, मुलगी परत आली, तर चालेल?"

आई गप्प. पण चष्मा घातला की दुसरं दुखणं सुरू होतं. दोन्ही दिवे भिंगांत चमकतात आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके येतात. ज्यांना चष्मा आहे त्यांना हे ठाऊक असेल, पासपोर्टच्या फोटोवरून वाद झालेला असेल. मावशीनं काय केलं, चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा वर उचलल्या आणि खाली केसांचा आधार दिला. त्यामुळं भिंगं किंचित खाली झुकली. मग दिवे वर चढवले. चमक गेली आणि डोळे दिसायला लागले. परत सांगते, कारण हे मोबाईलवरही चालतं. काड्या मागून जरा वर, उजेड वरून. समोरून कुणाला कळतही नाही.

मग ती पुन्हा कापडात शिरली आणि आतून म्हणाली, "आईला सांगू नकोस, पण मलाही जवळचं दिसत नाही." मुलगी हसली, मावशीनं रबरी फुगा दाबला.

रात्री डार्करूममध्ये मला नेलं. निगेटिव्ह धुताना लाल दिवासुद्धा चालत नाही, मिट्ट काळोख, घड्याळ दिसत नाही. मावशीचं माप ठरलेलं होतं. निगेटिव्हला एक रामरक्षा, ना घाई ना रेंगाळणं. प्रिंटला अर्धी भीमरूपी. त्या काळोखात हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आंबूस वास आणि 'रामरक्षां पठेत्प्राज्ञः' ऐकत मी उभी होते. निगेटिव्ह वाळली आणि नेमके दिवे गेले. मला वाटलं, संपलं आता. मावशीनं विजेरी काढली, तिच्या तोंडाला काकांचा लाल रुमाल बांधला, तो झाला डार्करूमचा दिवा. निगेटिव्ह मोठी होती, ती सरळ कागदावर ठेवून वर काच दाबली, रुमाल क्षणभर सोडला, परत बांधला. ताटलीतल्या पाण्यासारख्या द्रावणात कागद सोडला आणि भीमरूपी महारुद्रा सुरू. आधी चष्म्याची काळी चौकट उमटली, मग भुवया, मग ते हसू. पहाटे मामांच्या हातात पाकीट पडलं.

ते स्थळ काही जमलं नाही. पत्रिका जुळली नाही. फोटो मात्र आवडला, असा निरोप आला.

दुपारी काका आले. शिल्लक प्रिंट खिडकीपाशी नेऊन त्यांनी बराच वेळ बघितली. "काड्या उचलल्यास वाटतं," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी. मग ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि प्रिंटच्या मागं मारला. शिक्क्यावर नाव काकांचं. दुसरा शिक्का नव्हताच ना!

पुढं आया मुलींना घेऊन यायला लागल्या, "वहिनी आहेत का?" विचारत. मग काकांनी पाटीखाली एक ओळ रंगवून घेतली, 'स्त्रियांसाठी स्त्री फोटोग्राफरची सोय.' नाव तेव्हाही नाही. पार्किंगची सोय लिहितात तशी.

झाली मावशी. निर्मात्या बाई काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत.

हे एकट्या मावशीचं नव्हतं, श्रोतेहो. होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म 'राजा हरिश्चंद्र' आला त्या १९१३ चाच, डिसेंबरातला, नवसारीचा. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते त्यांचे पती माणेकशा यांच्या नावानं! पुढं दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून, सायकलवरून त्यांनी नेहरू, माउंटबॅटन, लाल किल्ल्यावरचा तिरंगा हे सगळं टिपलं. 'डालडा १३' हे त्यांचं टोपणनाव. जन्म १३ सालचा, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवून दिला. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी.

आता ज्या मुली या धंद्यात उतरतायत त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट, आणि ती दोनदा सांगणार आहे. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. लग्नाचा अल्बम त्यांचा. पण हा फोटो मी काढला असं सांगण्याचा हक्क तुमचाच राहतो. परत सांगते. करार नसेल तर मालकी गिऱ्हाईकाची, फोटोग्राफर म्हणून नाव तुमचं. म्हणून ऑर्डर घेताना कागद करा. कोण फोटो कुठं वापरणार, खाली नाव येणार का, ॲडव्हान्स किती, रात्री लॉन्सवरून घरी सोडायची गाडी कुणाची, सगळं त्यात लिहा. गंगापूर रोडच्या लॉन्सवर रात्री साडेबाराला रिक्षा शोधणाऱ्या मुलीला शेवटचा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

लग्नंच करायला हवीत असंही नाही. ते धुराचे फटाके उडवून धरणाकाठी नवरा-नवरीला पळवायचं जे खूळ आलंय, ते मला तर बघवत नाही. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. थंडीत पहाटे तिथं जा, पाणथळीवर पक्षी उतरलेले असतात. त्याच २०२० मध्ये पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर हिचा काजव्यांनी लगडलेल्या झाडाचा फोटो लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत गौरवला गेला. सह्याद्रीतले काजवे बघायला आपण दरवर्षी गाड्या भरून जातो, टॉर्च मारतो, आरडाओरडा करतो. तिनं अंधारात थांबून फोटो काढला.

शेवटी एक विनंती. तुमच्या आईनं, आजीनं, सासूबाईंनी फोटो स्टुडिओत काम केलं असेल, रिटचिंग केलं असेल, अल्बम चिकटवले असतील, तर आम्हाला पत्र लिहा. नाव पूर्ण लिहा, गाव लिहा, कुठल्या वर्षांत काम केलं ते लिहा. जुना फोटो पाठवणार असाल तर मूळ प्रत पाठवू नका, मोबाईलवर काढून पाठवा. आणि कृपा करून जुने फोटो लॅमिनेट करू नका, त्या प्लॅस्टिकमधून फोटो परत सुटत नाही, मागचा शिक्काही कायमचा अडकून बसतो. आलेली पत्रं पुढच्या महिन्यात याच वेळी वाचून दाखवू.

नमस्कार.