वजन बांधायचं ते शेवटच्या थांब्यासाठी

(मालवणात स्कूबा गाइडचं काम शिकणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

‘सर, खाली जायला शिसं किती किलो बांधायचं?’ प्रत्येक बॅचमध्ये हे कुणीतरी विचारतंच. मी उलट विचारतो, वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचंय, तेव्हा टाकीत किती हवा उरलेली असेल? कारण वजन ठरतं ते तिथे. खाली काय, कुणीही जातो.

हवेलाही वजन असतं. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबापर्यंत हवा भरली, की ती साधारण २४०० लिटर होते, म्हणजे जवळजवळ ३ किलो. ५० बार उरेपर्यंत त्यातली सव्वादोन किलो संपलेली असते. तेवढे तुम्ही हलके झालात. टाकी ॲल्युमिनियमची असली तर संपत आल्यावर ती स्वतःच वर जायला बघते. म्हणून तपासणी करायची ती डाइव्ह संपल्यावर, ५० बारच्या आसपास: पृष्ठभागावर उभे राहा, पाय हलवू नका, तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं आणि श्वास सोडला की तुम्ही हळूहळू खाली जावं. भरलेल्या टाकीनेच तपासायची वेळ आली तर त्यावर आणखी दोनेक किलो शिसं धरा.

हा हिशेब पाण्याप्रमाणे बदलतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. सगळ्या सामानासकट तुम्ही १०० लिटर पाणी बाजूला सारत असाल, तर विहिरीत किंवा तलावात जमलेलं वजन समुद्रात अडीच किलोने कमी पडेल. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते, तिथे पावसाळ्यानंतरचं पाणी किती गोडं, किती खारं असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. सूट बदलला तरी पुन्हा मोजा. सूटच्या रबरात, म्हणजे निओप्रीनमध्ये, बारीक बुडबुडे असतात. जाड सूट जास्त तरंगतो, आणि खोल गेल्यावर दाबाने चेपून ते तरंगणं गमावतो.

आपल्या किनाऱ्यावर खरा रोग आहे तो जास्त वजनाचा. पर्यटक घाबरतो, वर येऊ पाहतो, मग आपण त्याला भरपूर शिसं बांधतो आणि हाताला धरून फिरवतो. घाई असते, समजू शकतो. पण तीच सवय आपल्या स्वतःच्या पट्ट्यात आली की पंचाईत. जादा प्रत्येक किलोसाठी जॅकेटमध्ये साधारण लिटरभर हवा जास्त भरावी लागते. ती हवा वर येताना फुगते, खाली जाताना आकसते, आणि तुम्ही दर मिनिटाला बटणं दाबत बसता. उथळ पाणी सोपं, असं पुष्कळांना वाटतं. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो; तेवढाच पुन्हा दुप्पट व्हायला आणखी २० मीटर जावं लागतं. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यातच ही हवा सर्वांत जास्त नाचवते.

आता वजन कुठे लावायचं. रापणीचं जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून वरच्या दोराला फ्लोट आणि खालच्या दोराला शिसं असतं. डायव्हरचंही आपोआप तेच होतं: छातीत हवा, कमरेला शिसं, पायात जड रबरी फिन. मग तो उभा तरंगतो आणि फिनने रेती उडवतो. ती रेती बसते प्रवाळावर, आणि इथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे ते काही रेती उडवण्यासाठी नाही. पाय खाली जात असतील तर कमरेवरचे एक-दोन किलो टाकीच्या पट्ट्यावर वरच्या बाजूला न्या, किंवा टाकीच जॅकेटमध्ये थोडी डोक्याकडे सरकवा. पाय वर जात असतील तर उलटं. दोन्ही बाजूंना वजन सारखं विभागायला विसरू नका, नाहीतर कुशीवर कलंडाल.

मात्र सगळंच शिसं टाकीवर नेऊ नका. अडचणीत, पृष्ठभागावर आल्यावर, एका हाताने सोडून देता येईल असं काही वजन पट्ट्यावर किंवा खिशात हवंच. बकल उजव्या हाताने उघडेल असं, आणि त्यावर जॅकेटचा कुठलाही पट्टा आडवा आलेला नको. बोटीवर एकमेकांचं हेच आधी बघा, मास्क नंतर.