अपघातात चूक कुणाची यावर वाद झाला, तर क्लेम कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी. गाडी ठोकली गेलीय, सुदैवानं कुणाला मोठं लागलेलं नाही, आणि समोरचा खाली उतरून म्हणतोय, "चूक तुमची आहे." तुम्हाला मात्र शंभर टक्के खात्री आहे की चूक त्याची. आजचा व्हिडिओ नेमका याच प्रसंगाबद्दल आहे. चूक उघड असेल तर क्लेम बहुतेक वेळा सरळ जातो. वाद असला की पुढचे काही महिने जड जातात.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. मी चौकातून सरळ चाललो होतो. समोरून येणाऱ्या गाडीनं माझ्या आडवं वळण घेतलं आणि माझ्या गाडीचं बोनेट तिच्या मागच्या दारावर आदळलं. तो माणूस स्वतः म्हणाला, "माझी चूक झाली, अंदाज आला नाही." मी नंबर घेतला, हात मिळवला आणि निघालो. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं: जबाबदारी दोघांची निम्मी-निम्मी. त्यानं लिहून दिलं होतं की मी भरधाव होतो आणि तो जवळपास वळून झाला होता. त्याचं रस्त्यावरचं बोलणं माझ्या कानांशिवाय कुठेच नोंदलेलं नव्हतं.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. निर्णय घेणारा माणूस तिथे नव्हता. त्यानं ना ब्रेकचा आवाज ऐकला, ना समोरच्याचा चेहरा पाहिला. त्याच्या टेबलावर दोन जबाब, काही फोटो आणि सर्व्हेअरचा, म्हणजे गाडीचं नुकसान तपासणाऱ्या माणसाचा, अहवाल असतो. त्यामुळे जे काही कराल ते त्या न पाहिलेल्या माणसासाठी करायचं. रस्त्यावर समोरच्याला पटवत बसण्यात वेळ घालवू नका. तो पटला काय, न पटला काय, उद्या जबाब बदलू शकतो.

(मोबाइल हातात घेऊन)

आधी माणसं सुरक्षित, जखमींना मदत, गरज असेल तर पोलिस. मग फोटो. आपण सगळे फोटो काढतो, पण चेपलेल्या पत्र्याचे. पत्रा कुठे चेपलाय ते सर्व्हेअर नंतरही बघेल. तासाभरात नाहीसं होतं ते वेगळंच असतं. धोका नसेल तर गाड्या हलवण्याआधी वीस-पंचवीस पावलं मागे जा आणि चारही बाजूंनी पूर्ण रस्ता टिपा: सिग्नल, पट्टे, फलक, दोन्ही गाड्या कुठे थांबल्यात ते. चाकं कुठल्या दिशेला वळलेली आहेत, हे नक्की घ्या. वळत नव्हतो म्हणणाऱ्याची पुढची चाकं वळलेली दिसली, तर विचारण्यासारखा प्रश्न तयार होतो. टायरच्या खुणा घ्या. रस्त्यावर पडलेल्या काचा आणि गाडीच्या खालून गळालेला चिखल घ्या. टक्कर कुठल्या लेनमध्ये झाली, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

ओरखड्यांनाही दिशा असते. दोन गाड्या एकाच दिशेनं जाताना घासल्या आणि तुमच्या गाडीवरचा ओरखडा मागून पुढे सरकत गेलेला असला, तर त्या क्षणी दुसरी गाडी तुमच्यापेक्षा वेगात होती. म्हणून तपासणी होईपर्यंत ना दुरुस्ती, ना पॉलिश. गाडी धुऊसुद्धा नका.

जवळच्या दुकानाचा किंवा इमारतीचा कॅमेरा दिसला, तर त्याच दिवशी लेखी विनंती द्या की अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. बहुतेक कॅमेरे जुन्यावर नवं लिहीत जातात, काही ठिकाणी मोजक्या दिवसांतच. डॅशकॅमचं, म्हणजे गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्याचंही तेच, कार्ड लगेच काढून ठेवा. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत इव्हेंट डेटा रेकॉर्डर असतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा आहे. टक्करीआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक दाबला होता की नाही, हे त्यात राहतं. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे ते चार-पाच सेकंद फार मोलाचे. नुकसान मोठं असेल तर ही नोंद जपायला विमा कंपनीला लेखी सांगा.

आता जबाबाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त क्लेम इथे बिघडतात असं माझं मत आहे.

"मला तो दिसलाच नाही." हे वाक्य आपण अगदी निरागसपणे बोलतो. वाचणाऱ्याला मात्र त्यात ऐकू येतं, "माझं लक्ष नव्हतं." खरं काय घडलं ते सांगा: "उभ्या ट्रकच्या आडून तो आला. दिसला तेव्हा मी ब्रेक दाबला." वेग विचारला आणि काट्याकडे बघितलं नव्हतं, तर आकडा फेकू नका. "नेमका आकडा पाहिला नव्हता" हेही खरं उत्तर आहे. खोटं काहीच नको. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या दहा खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आणि त्याच रात्री, आठवण ताजी असताना, सगळं लिहून काढा.

"सॉरी" म्हणायचं का, असं बरेच जण विचारतात. माणूस म्हणून विचारपूस जरूर करा. इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्यानं स्पष्ट केलंय की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. पण सगळीकडे असं संरक्षण नाही. शिवाय कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते. "तुम्हाला लागलं का?" इथे थांबा.

फ्रान्समध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी यासाठी एक छापील फॉर्म वापरतात. दोन्ही चालक मिळून भरतात: प्रसंगांच्या १७ चौकटी, एक रेखाचित्र, दोघांच्या सह्या. ती सही चुकीची कबुली नसते, दोघांनी मान्य केलेल्या घटनेची असते. मला ही पद्धत फार आवडते. असा फॉर्म नसेल तर कागदावर दोन गाड्यांचं चित्र काढून दोघांनी सही करायला काय हरकत आहे? माझ्याकडे तेवढा एक कागद असता तर...

चूक टक्क्यांत का वाटून देतात, तेही समजून घ्या. इंग्लंडमध्ये १९४५ च्या कायद्यापासून नुकसानभरपाई तुमच्या वाट्याच्या चुकीइतकी कमी होते. चूक तीस टक्के ठरली, तर भरपाईचे सत्तर टक्के हातात. उलट अमेरिकेतल्या अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियात तुमची एक टक्का चूक ठरली तरी समोरच्याकडून सहसा काहीच मिळत नाही. तुमच्या इथला नियम कुठला, ते आधी विचारा. दहा टक्क्यांसाठी किती झगडायचं हे त्यावर ठरतं.

वाद लांबणार असं दिसलं, आणि पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर असेल, तर मी सांगेन: क्लेम आधी आपल्याच कंपनीकडे लावा. तिथे पैसे मिळायला समोरच्याची चूक सिद्ध व्हावी लागत नाही. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपण सोसायचा ठरलेला भाग, तेवढा खिशातून जातो. मग तुमची कंपनी समोरच्याकडून वसुली करू शकते, याला सब्रोगेशन म्हणतात. वसुलीत डिडक्टिबलही मागणार का, हे लेखी विचारून ठेवा. आणि स्वतः क्लेम करायचा नसला तरी अपघात लगेच कळवा, कारण समोरचा तुमच्यावर क्लेम लावू शकतो.

निर्णय विरुद्ध गेला तर फोनवर भांडू नका. "कुठल्या पुराव्यावरून ही टक्केवारी ठरवली?" एवढं लेखी विचारा. मी तेच केलं. उत्तरात फक्त त्याचा जबाब होता. मी एका पानाचं पत्र लिहिलं आणि सोबत एकच फोटो जोडला, नकळत निघालेला: काचा माझ्या लेनमध्ये, त्याची चाकं अजून वळलेली. जवळपास वळून झालो होतो, हे त्याचं म्हणणं त्या फोटोत बसत नव्हतं. निम्मी-निम्मीचे वीस-ऐंशी झाले, वीस माझे. कंपनीनं ऐकलं नाही तर तिचा तक्रार विभाग, आणि भारत-ब्रिटनसारख्या देशांत त्यापुढे लोकपालाची, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेची, सोय आहे.

शेवटचा कागद येतो तो "पूर्ण आणि अंतिम" तडजोडीचा. त्यावर सही करायची घाई करू नका. मान धरणं, पाठ दुखणं एक-दोन दिवसांनीही सुरू होतं, आणि बंपर उघडल्यावरच आतला वाकलेला भाग दिसतो. डॉक्टरांची तपासणी आणि गॅरेजची पूर्ण यादी हातात आल्यावरच पेन उचला.