खडूची रेघ: घाट उतरण्याआधी ट्रकचा ब्रेक कसा तपासायचा

[दृश्य: बिजासन घाट, पहाट. उतारावर ट्रकांची रांग.]

खान्देश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग. त्यामुळे भरलेली गाडी इंदूरहून शिरपूरला येवो की कन्नडहून चाळीसगावला, तिला घाट उतरूनच आत यावं लागतं. साक्रीहून नवापूरला जाताना कोंडाईबारी आहेच.

४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला एक कंटेनर ट्रक वाटेतल्या गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याची माहिती तेव्हा पुढं आली.

ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, म्हणून ब्रेक फेल झाला म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं हवा संपलेली टाकी येते. पण हवा पूर्ण गेली, तर मागच्या चाकांवरच्या स्प्रिंग चेंबरमधली दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. हवा ही स्प्रिंग मागं रेटून धरण्यासाठी असते. घाटात जास्त घातक असतो तो दुसरा प्रकार: हवेच्या दाबाचा काटा आठ किलोवर आहे, पॅडल तळाला टेकलंय आणि गाडी थांबत नाही. हवा भरपूर आहे, ब्रेक नाही. आमच्याकडचे ड्रायव्हर म्हणतात, ‘गाडीना ब्रेक धरत नही.’

[दृश्य: ट्रकखाली, मागच्या चाकाच्या आतली बाजू. कॅमेरा जवळ.]

हा गोल डबा म्हणजे ब्रेक चेंबर. काही मिस्त्री याला बूस्टर म्हणतात. आत रबरी पडदा, पडद्यापुढं पुश रॉड. रॉडच्या टोकाला स्लॅक अॅडजस्टर, म्हणजे ब्रेकचा ढिलेपणा काढायची सोय असलेला दांडा. स्लॅक फिरला की कॅम शाफ्ट फिरतो, त्याच्या टोकाचा इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम दोन्ही शू, म्हणजे ड्रमच्या आतल्या कमानी, फाकवतो आणि शूवरचा लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासतो.

चेंबरवर २०, २४, ३० असा नंबर असतो. तो पडद्याचं क्षेत्रफळ चौरस इंचांत सांगतो. ३० नंबरच्या चेंबरला सात किलो हवा दिली की पुश रॉडवर साधारण साडेतेराशे किलोचा जोर येतो. पण हा जोर रॉड ठरलेल्या अंतरात असेपर्यंतच. साध्या ३० नंबरच्या चेंबरचा एकूण प्रवास ६४ मिलीमीटर, त्यातले ५१ वापरायचे. २४ नंबरला एकूण ५७, मर्यादा ४४. त्यापुढं पडदा तळाशी जायला लागतो आणि जोर झपाट्यानं उतरतो. रॉड तळाला टेकला की हवा कितीही द्या, शू पुढं सरकत नाही.

लायनर झिजतो तसा हा प्रवास रोज थोडा थोडा वाढतो. सपाट रस्त्यावर, थंड ब्रेकवर ते कळतही नाही. घाटात ड्रम तापतो. ४१० मिलीमीटरचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सव्वा मिलीमीटरहून जास्त वाढतो. ड्रम लायनरपासून लांब जातो आणि ही फट भरून काढायला पुश रॉडला सेंटिमीटरभर जास्त बाहेर यावं लागतं. घाटाआधी सेंधव्याला काठावर पास झालेला ब्रेक घाटाच्या मध्यावर संपतो, तो असा. त्यात लायनरही तापून घसरडा झालेला असतो.

अशा वेळी हँड ब्रेक ओढूनही भागत नाही. तो वेगळा ब्रेक नाहीच. तोच पुश रॉड, तोच स्लॅक, तेच शू. जोर फक्त हवेऐवजी स्प्रिंगचा.

[दृश्य: सपाट जागा. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे.]

रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेल्या गाडीला घाई असते, माल पिकायच्या आत पोचवायचा असतो. तरी या तपासणीला दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो.

ब्रेक थंड असायला हवेत. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा. ठोकळे पक्के बसले याची खात्री करून हँड ब्रेक सोडा. हे विसरलात तर स्प्रिंगनं रॉड आधीच बाहेर काढलेला असतो आणि माप खोटं येतं. आता खाली जाऊन पुश रॉड चेंबरमधून जिथं बाहेर पडतो, तिथं खडूनं रेघ मारा. वरच्याला पॅडल पूर्ण दाबून धरायला सांगा. काटा साडेसहा किलोच्या आसपास हवा. रेघ चेंबरपासून किती पुढं गेली ते पट्टीनं मोजा. अंदाजानं नको, पट्टीनंच. प्रत्येक चाकाचं.

[दृश्य: पट्टी आणि रेघ. ५६ मिलीमीटर.]

३० नंबरच्या चेंबरवर हे माप मर्यादेच्या पुढं आहे. ही गाडी घाटात जाऊ नये.

हातानं जुळवायचा स्लॅक असेल, तर बोल्टभोवतीची लॉकची कडी पान्यानं आत दाबून बोल्ट फिरवा, शू ड्रमला टेकेपर्यंत. मग पाव ते अर्धा फेरा मागं. कॅम ब्रेक लागण्याच्या दिशेनं फिरतोय ना, ते बघत राहा. उलटं फिरवून ब्रेक आणखी ढिला केल्याचं गॅरेजमध्ये दिसतं. शेवटी कडी टक् करून बाहेर आलीच पाहिजे, नाहीतर बोल्ट वाटेत फिरतो. मग पुन्हा मोजा.

ऑटो स्लॅक असेल तर पाना लावायची घाई करू नका. तो आपला आपण जुळवून घेतो. माप जास्त आलं याचा अर्थ काहीतरी बिघडलंय. झिजलेली पिन, कॅमच्या बुशातला खेळ, ग्रीस न मिळालेला किंवा आतून गेलेला स्लॅक. हातानं फिरवून दिलं तर दोन-चार दिवस बरं वाटतं आणि खरा दोष झाकला जातो. आमच्या मते ऑटो स्लॅकवर चालणारा पाना हाच सगळ्यात मोठा धोका आहे, कारण ब्रेक केल्याचं समाधान मिळतं आणि ब्रेक झालेला नसतो.

खाली आहातच, तर लायनरही बघा. मध्यभागी सहा मिलीमीटरच्या आत आला किंवा रिव्हेट जवळ आली, की बदलायचा, आणि एका अॅक्सलची दोन्ही बाजू एकदम, एकाच प्रतीचा. एका बाजूला नवा, दुसरीकडे जुना असेल तर सगळं काम एकच ड्रम करतो आणि तोच तापतो. हब सीलमधून ऑइल येऊन ओला झालेला लायनर धुऊन परत लावू नये. ड्रमची धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो; ओल्या फडक्यानं पुसा. आणि स्प्रिंग चेंबरची क्लॅम्प कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मारते.

[दृश्य: केबिन. हवेचे काटे.]

हवेची तपासणी लवकर होते. इंजिन बंद, पॅडल दाबून एक मिनिट धरा. सुरुवातीला काटा थोडा उतरेल, त्यानंतर ०.२ किलोपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. साबणाच्या पाण्यानं जोड शोधा. मग चावी चालू ठेवून पॅडल मारत हवा उतरवा. काटा सव्वाचार किलोखाली जाण्याआधी बझर वाजलाच पाहिजे. टाकीतलं पाणी रोज काढा. पाण्याबरोबर ऑइल पडत असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसर दाखवून घ्या.

[दृश्य: घाटमाथा. ट्रक थांबून गिअर टाकतो.]

गिअर उतार सुरू होण्याआधीच कमी करा, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक, लावा. न्यूट्रल कधीच नाही. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. वेग वाढला की ठाम दाबा, दहाएक किलोमीटरनं उतरवा, पूर्ण सोडा.

खाली आल्यावर जळका वास आला, तर तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडे जातात. सपाट जागा बघून ठोकळे लावा, ड्रम निवेपर्यंत हँड ब्रेक ओढू नका. निवल्यावर खाली वाकून, खडूच्या त्याच रेघेवरून परत एकदा माप घ्या.