वारूळ पाडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

ज्वारीची काढणी उरकली, की सोलापूर जिल्ह्यात जेसीबीवाल्याला फुरसत नसते. बांध कोरायचे, बोरी-बाभळी उपटायच्या, वारुळं सपाट करायची. नेमक्या याच दिवसांत त्या बांधात घोरपडीची अंडी फुटायला आलेली असतात.

घोरपड अंडी घालते पावसाळ्यात, साधारण वीस. तिरकं बीळ खणते, तळाशी अंडी ठेवते, माती परत लोटून थापते आणि निघून जाते. चालू वारूळ मिळालं तर उत्तमच, कारण वाळवी आतला ओलावा आणि ऊब सांभाळते. आजूबाजूला ती खोटी बिळंही उकरून ठेवते. त्यामुळे एक बीळ रिकामं निघालं म्हणून शेजारचंही रिकामंच, असं धरून चालू नका. अंडी फुटायला सहा ते आठ महिने लागतात. श्रावणात घातलेली अंडी माघापासून चैत्रापर्यंत फुटणार, म्हणजे बांध साफ करायच्या ऐन हंगामात.

या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं. ते मातीतलं पाणी शोषतं आणि त्यातूनच श्वास घेतं. माती कोरडीठाक पडली तर अंडं सुरकुततं, पाणी तुंबलं तर आतला जीव गुदमरतो. म्हणून ठिबकची नळी किंवा पाटाचं पाणी अशा जागेवर सोडू नका. आणि वाळवीसाठी वारुळात क्लोरपायरीफॉस ओतणं तर नकोच. वाळवीसोबत अंडीही जातात.

जमैका बेटावरची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. उसातले उंदीर खातील म्हणून १८७२ साली तिथे कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. आपलीच मुंगसं, बरं का! तिथला इग्वाना, म्हणजे झाडपाला खाणारा मोठा सरडा, या पाहुण्याला कधी भेटलेलाच नव्हता. मुंगसं त्याची पिल्लं फस्त करू लागली. इग्वाना संपलाच असं सगळे धरून बसले होते, तो १९९० साली हेलशायरच्या डोंगरात सापडला. चुनखडीच्या त्या खडकाळ रानात अंडी घालण्याजोगी मऊ माती जेमतेम. आता त्या जागांवर पहारा असतो, मुंगसांसाठी सापळे लावतात आणि पिल्लं किंग्स्टनच्या प्राणिसंग्रहालयात मोठी करून मग रानात सोडतात. आपल्याकडे मुंगूस मूळचाच, घोरपडीला त्याची सवय आहे. तिला झेपत नाही ते जेसीबीचं बकेट.

मग करायचं काय? बांधावरची दोन-चार वारुळं आणि त्यांच्याभोवतीचं चार-पाच हात गवत तसंच ठेवा. पाचट किंवा बांध पेटवताना तेवढी जागा वगळा. कुत्री उकरत असतील तर वर काट्याच्या फांद्या टाका. बारीक जाळी मात्र ठोकू नका, पिल्लं आतच अडकतात.

खोदताना अंडी उघडी पडलीच तर मशीन थांबवा. अंडी हातात घेऊन उलटीपालटी करू नका. वाढणारा जीव कवचाला आतून चिकटलेला असतो, अंडं फिरलं की तो मरतो. आहेत तशीच ठेवून त्याच मातीने हलक्या हाताने वीतभर झाका, वर सावलीला गोणपाट टाका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अंडी घरी नेऊ नका. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

आणि पिल्लं बाहेर पडली की? त्यांच्या अंगावर पिवळट ठिपक्यांचे पट्टे असतात. त्यांना पाहून ‘विषारी, विषारी’ म्हणत लोक काठी उचलतात. घोरपडीच्या पिल्लाच्या चाव्याने माणूस दगावत नाही. पिल्लू दिसलं तर आधी आपलं कुत्रं बांधा. तेवढ्यात ते गवतात शिरलेलं असेल.