गॅस संपत नसतो, गॅस गळतो

नमस्कार श्रोतेहो. मी बेळगावातला एसी मेकॅनिक. एप्रिल लागला की माझा फोन थांबत नाही, शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कधी खानापूर-निपाणीकडनं पण, आणि बोलणं एकच, "दादा, एसीतला गॅस संपलाय, भरून देतोस काय?" म्हणून आधी हेच सांगतो. एसीतला गॅस संपत नसतो. स्कूटरचं पेट्रोल जळतं, स्वयंपाकाचा सिलिंडर जळतो म्हणून तो संपतो, एसीतला गॅस तांब्याच्या नळीतनं नुसता फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर सोडतो, परत आत येतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. परत सांगतो, संपत नाही, गळतो.

आता शहापुरातल्या एका घराचं सांगतो. खाली दोन पॉवरलूम, वर स्लॅबची खोली, मागाच्या खटखटीनं खिडक्या बंद ठेवाव्या लागतात म्हणून एसी बसवलेला. (आपली जुनी कौलारू घरं होती तेव्हा बेळगावात एसी कुणाला ठाऊक होता ओ? कौलं काढून स्लॅब टाकायची घाई आपण फार केली, हे माझं ठाम मत आहे.) तर त्या मावशींनी तीन उन्हाळे गॅस भरून घेतलेला. दरवर्षी कुणीतरी यायचा, अर्ध्या तासात भरून जायचा, दिवाळीपर्यंत परत कूलिंग नाही. मी गेलो तर बाहेरच्या युनिटला बारीक नळीच्या व्हॉल्ववर पांढरा बर्फ. गॅस कमी असल्याची ही खूण.

एसी बंद केला आणि गळती शोधायला लागलो. जोडाचे नट बघितले, व्हॉल्व बघितले, दीड तास गेला, साबणाचं पाणी संपलं. मावशी आत गेल्या नि रिठ्याचं पाणी घेऊन आल्या, रेशमी साड्या धुवायला ठेवलेलं. काय सुंदर फेस येतो त्याचा, चिकटून राहतो.

तेवढ्यात आजोबा वर आले. ऐंशीच्या पुढचं वय, सगळा जन्म मागावर गेलेला. काहीच विचारलं नाही, नळीवरनं नजर फिरवत गेले, जसा ताण्यात तुटलेला धागा शोधतात तशी, आणि भिंतीवरच्या लोखंडी क्लॅम्पपाशी थांबले. "पोरा, हितंच एवढी धूळ कशी काय बसलीय रे?"

बघतो तर बोटाएवढा काळा, तेलकट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल नळीतनं फिरत असतं, गळतीतनं ते पण बाहेर येतं आणि त्याला धूळ चिकटते. क्लॅम्प सैल करून रिठ्याचं पाणी लावलं. आधी काहीच नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा, तो फुटला, दुसरा, तिसरा, एकामागनं एक. आजोबांनी भिंतीवर तळहात टेकला, खाली माग चालूच होता. म्हणाले, "भिंत दिवसभर हलूलाय, नळी लोखंडावर घासून घासून गेली बघ." अगदी तसंच होतं. त्या जागेवर नळीचं फोम फाटलेलं आणि तांबं उघडं.

मग गॅस मशीननं सिलिंडरमध्ये ओढून घेतला, तेवढा नळीचा तुकडा कापून नवा टाकला, झाळून जोड केला. नळीत नायट्रोजन भरून दोन तास ठेवला, दाब दाखवणारा काटा जागचा हलला नाही. व्हॅक्यूम पंप लावून हवा नि ओल काढली, आणि प्लेटवर लिहिला होता तेवढाच गॅस, 750 ग्रॅम, काट्यावर मोजून भरला. आजोबांनी मागाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा कापून दिला, तो मी फोमवरनं क्लॅम्पखाली बसवला.

तर मेकॅनिक आला की विचारा, गळती कुठं आहे? आधी गळती, मग गॅस. आणि शोधायच्या वेळेचे पैसे मेकॅनिकला द्या हो, माझं हे बोलणं कुणाला आवडत नाही, पण शोधायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते फक्त गॅसचे, मग पोरं नुसता गॅस भरून निघणारच. नवं घर बांधताय तर नळी भिंतीत गाडू नका, गळती झाली तर भिंत फोडायची पाळी येते.

टेस्टिंगला नायट्रोजनच हवा. कुणी ऑक्सिजन लावायला निघाला तर हात धरा, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं तर स्फोट होतो. आताच्या बऱ्याच एसीत आर-32 गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, काम चालू असताना खिडक्या उघडा, उदबत्ती विझवा, विडी नको. जुन्या आर-22 नं ओझोनचा थर विरतो, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानं तो हळूहळू बंद होत चाललाय. आर-32 ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवायच्या बाबतीत त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे 675 किलो. म्हणजे मावशींच्या एसीतला सगळा गॅस एकदा हवेत गेला तर अर्धा टन झाला की ओ.

यंदा मार्चमध्ये त्यांच्याकडं जाऊन आलो, फिल्टर धुवायला. व्हॉल्ववर बर्फ नाही, खाली माग चालू, क्लॅम्पखाली चामडं तसंच. आजोबा आधीच वर जाऊन नळीवरनं बोट फिरवून आले होते. म्हणाले, "कोरडी हाय."