हनुवटीखाली हात धरून ‘नागपूर’ म्हणा

नमस्कार! आज सुरुवातीलाच तुम्हाला कामाला लावते. पालथा हात हनुवटीखाली धरा आणि रोज बोलता तसं म्हणा: नागपूर. हनुवटी किती वेळा हाताला लागली? २ वेळा. नाग्, पूर्.

आता तोच शब्द लिहा. ना, ग, पू, र. ४ अक्षरं झाली. कॉम्प्युटरला मोजायला सांगितलं तर तो ६ म्हणतो, कारण काना आणि ऊकार तो वेगळ्या खुणा म्हणून साठवतो. शब्द एकच, उत्तरं तीन. बोलीवर काम करायला बसलं की पहिल्याच दिवशी हा प्रश्न समोर येतो: नेमकं काय मोजायचं?

हनुवटीने मोजला तो सिलॅबल. एका स्वराभोवती गोळा झालेला आवाजाचा तुकडा. मराठीत त्यालाही ‘अक्षर’ म्हणतात, पण शाळेपासून अक्षर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे लिहिलेलं येतं. म्हणून आज मी लिहिलेल्याला अक्षर म्हणते आणि ऐकू येतं त्याला सिलॅबल.

दोन्हींत फरक पडतो तो मुख्यतः ‘अ’मुळे. लिहिताना प्रत्येक व्यंजनात तो धरलेला असतो, बोलताना आपण तो गाळतो. शब्दाच्या शेवटी गाळतो, आणि मध्येही, जिथे पुढे-मागे स्वर असतो तिथे. ‘पोरगं’ आपण ‘पोर्गं’ म्हणतो. नियम सोपा वाटतो ना? मग नागपुरातली धरमपेठ घ्या.

(पडद्यावर: ध – र – म – पे – ठ)

शेवटचा अ गेला, ‘पेठ्’ झालं. इथून डावीकडून नियम लावत या. र च्या मागे-पुढे स्वर आहेत, म्हणून त्याचा अ गाळला. झालं ‘धर्मपेठ’! आता उजवीकडून या. आधी म चा अ गेला, ‘धरम्पेठ’ झालं. मग र चा अ गाळता येत नाही, कारण त्याच्यापुढे आता म् आणि प् असे दोन व्यंजनांचे आवाज लागून आले. ध, रम्, पेठ्. रिक्षावाल्याला आपण सांगतो ते हेच. मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही दिशा ठरवावीच लागते, नाहीतर यंत्र तुम्हाला भलत्याच पेठेत उतरवेल.

आता नागपुरातलीच बर्डी. सीताबर्डी म्हणायला इथे कोणाला वेळ आहे! लिहिताना ब वेगळा, आणि रफार बसतो डी च्या डोक्यावर. म्हणून बघा हळूच: बर्... डी. र ब कडे गेला. डोळ्याला एकीकडे दिसतो, कानाला दुसरीकडे ऐकू येतो. याउलट संत्रा. सन्... त्रा. इथे जोडाक्षर फुटलं नाही. असं का?

तोंड किती उघडतं ते बघा. त् म्हणताना वाट पूर्ण बंद असते, र् ला थोडी मोकळी होते, आ ला सताड उघडते. चढ सरळ आहे. सिलॅबलची सुरुवात अशा चढाने व्हावी, ही जगातल्या बहुतेक भाषांची ओढ आहे. आवाजाच्या या मोकळेपणाला भाषाशास्त्रात सोनॉरिटी म्हणतात. र्डी मध्ये उलटं होतं. र् मोकळा आणि त्याच्या पुढचा ड् बंद. आधी उतार, मग चढ. म्हणून र् मागच्या सिलॅबलच्या शेपटाला जातो. अर्थात त्र प्रत्येक वेळी अखंड राहतो असं नाही. ‘पत्रा’ आपण जवळजवळ ‘पत्त्रा’ म्हणतो. वृत्तात ‘पत्र’मधला प गुरू धरतात, तेही याच कानाने.

आणि ज्यासाठी हा व्हिडिओ करायचा हट्ट होता, ते आता. लग्नघरात दोन वाक्यं ऐकू येतात. ‘आचाऱ्यांना पैसे द्या.’ ‘आचार्यांना पैसे द्या.’ पहिलं वाक्य स्वयंपाक करणाऱ्यासाठी, दुसरं गुरुजींसाठी. आवाज तेच, र आणि य, क्रमही तोच. फरक फक्त तुकडा कुठे पडतो याचा. आ-चा-ऱ्यां-ना. आ-चार्-यां-ना. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ तसेच. दऱ्याखोऱ्यांतला द हलका, लघु. दर्या म्हणजे समुद्र, तिथे दर् जड, गुरू. आपल्या लिपीने ही फोड दाखवायला र चं पापणीसारखं एक वेगळं रूप ठेवलंय. सिलॅबलची सीमा रोजच्या लिखाणात इतकी स्वच्छ दाखवणारी खूण माझ्या फार आवडीची आहे. ती मोबाइलवर टाइप करायला त्रास पडतो म्हणून लोक साधा रफार देऊन मोकळे होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. शिवाय युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ही पापणी दोन प्रकारे लिहिता येते. दिसायला सारखीच, आतून वेगळी. मजकूर गोळा करताना दोन्ही एक करून घ्या, नाहीतर अर्धे आचारी शोधात सापडणारच नाहीत.

आता प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. मी आमच्या मोठ्या आईचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. त्यातलं एक वाक्य: ‘पोरगं बर्डीवर जाऊन राहिलं.’ वेळ २ सेकंद. मी आधी लिहून काढलं आणि अक्षरं मोजली. १३ आली. म्हणजे सेकंदाला साडेसहा. मला वाटलं, मोठी आई फारच भरभर बोलते! पण ती तर सावकाश बोलणारी बाई. पुन्हा ऐकलं. पोर्-गं, बर्-डी-वर्, जा-ऊन्, राय्-लं. ९ सिलॅबल. सेकंदाला साडेचार. घाई तिची नव्हती, माझ्या मोजण्यात चूक होती.

तेव्हापासून मी प्राटमध्ये काम करते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आवाजाच्या तीव्रतेची रेघ दिसते, आणि साधारणपणे दर स्वरापाशी ती वर चढते. त्या टेकड्या मोजून सिलॅबल सांगणारी एक स्क्रिप्ट २००९ पासून आहे. लिहून न काढताच अंदाज मिळतो. पण ‘जाऊन’सारख्या ठिकाणी आ आणि ऊ मध्ये खळगाच पडत नाही आणि दोनाची एकच टेकडी दिसते. तिथे कानच लावावा लागतो.

श्लोक म्हणताना मात्र हिशेब पुन्हा बदलतो. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत, ओळीला १२ अक्षरं. पहिल्याच ‘गणाधीश’मधला श तिथे पूर्ण म्हणावा लागतो. गप्पांत तोच शब्द ग-णा-धीश्, ३ सिलॅबलचा.

म्हणून माझ्या फाइलीत दोन पट्ट्या असतात. वरच्या पट्टीवर लिहिलेलं, ‘राहिलं’. खालच्या पट्टीवर ऐकलेलं, ‘राय्-लं’. मोठ्या आईच्याच एका दुसऱ्या फाइलीत ती फोनवर कोणा साहेबाशी बोलतेय. तिथे खालच्या पट्टीवर मला लिहावं लागलं: रा-हि-लं. तिन्ही स्वच्छ. फोन ठेवला, माझ्याकडे वळली, आणि पुढच्याच वाक्यात परत राय्-लं.